सातव्या पुस्तकातले डंबलडोर आणि टेकडीवरचा हिंदूराव

'हॅरी पॉटर' मालिकेचे सातवे आणि शेवटचे पुस्तक 21 जुलै 2007 रोजी निघाले आणि पहिल्या चोवीस तासांत अमेरिका व ब्रिटन मिळून त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. त्या दिवशी भल्या सकाळी दिल्ली-मुंबई-पुण्यातल्या दुकानांपुढे रांगा लावणारी मुले आता तिशीत आहेत. काहींची स्वतःची मुले शाळेत जाऊ लागली आहेत. एचबीओ छोट्या पडद्यासाठी ही मालिका नव्याने करत असल्याने कपाटातल्या जुन्या प्रती पुन्हा खाली उतरतील यात शंका नाही. पण पुष्कळ घरांत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकापाशी अडते. पुढची पुस्तके जाडजूड आहेत. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिले 223 पानांचे, तर शेवटचे 607 पानांचे. त्यात मरणेही फार. शिवाय चित्रपट आहेतच, तेव्हा 'राहिलेले बघून टाक' असे सांगून पालक मोकळे होतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या मालिकेतले एकच पुस्तक वाचण्याची सक्ती करायची असेल तर ती सातव्याची करावी, आणि ते नीट कळावे म्हणून आधीची सहा वाचायला लावावीत. कारण जादू, युद्ध, खलनायकाचा अंत हे सगळे इतर पुस्तकांतही मिळते. ज्या थोर माणसावर आपण जीव लावला त्याचा भूतकाळ उघडा पडल्यावर काय करायचे, हा प्रश्न मात्र मुलांसमोर इतक्या सरळपणे ठेवणारे पुस्तक विरळा. आणि मराठी माणसाला सार्वजनिक जीवनात सर्वांत अवघड जाणारा प्रश्नही हाच आहे.

पुस्तकात हा प्रश्न येतो तो एका लग्नात. हॅरीचा मित्र रॉन याच्या थोरल्या भावाचे लग्न आहे, मांडवात गर्दी आहे, आणि वेषांतर केलेला हॅरी दोन म्हाताऱ्या माणसांच्या मधे सापडतो. एकीकडे हॅरीच्या शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक डंबलडोर यांचा बालमित्र एल्फियस डोज. त्याने मित्रावर भावभरला मृत्युलेख लिहिला आहे. दुसरीकडे मुरिएल आत्या. तिच्या जिभेला हाड नाही, आणि रीटा स्कीटर या सनसनाटी पत्रकर्तीने लिहिलेले डंबलडोरचे चरित्र कधी एकदा हाती पडते असे तिला झाले आहे. आपल्याकडच्या लग्नात जेवणे उरकल्यावर दोन वडीलधारे गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू लागतात आणि शेजारचे पोर कान टवकारून बसते, तसाच हा प्रसंग. मुरिएल सांगते की डंबलडोरला एक धाकटी बहीण होती, तिला घरात दडवून ठेवले होते, तिच्या अंत्यसंस्काराच्या वेळी सख्ख्या भावाने त्याचे नाक फोडले. डोज प्रत्येक वाक्याला हरकत घेतो, पण एकाही वाक्याला पुराव्याने उत्तर देत नाही. सहा पुस्तके ज्या गुरूच्या शब्दावर हॅरी चालला, त्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, हे त्याला इथे कळते. लेखिकेने हे सत्य भल्या माणसाच्या तोंडी घातलेले नाही. आत्या कुजकट आहे, चरित्रलेखिका खोटारडी म्हणून आधीच बदनाम आहे, आणि तरी त्या दोघी सांगतात त्यातले बरेचसे खरे निघते. माहिती देणारा माणूस वाईट म्हणून माहिती खोटी ठरत नाही, हा धडा कोणत्याही इतिहासाच्या वर्गात पहिल्या दिवशी द्यावा असा आहे.

पुढे तंबूत दिवस काढताना हॅरी ते चरित्र वाचतो. तरुण डंबलडोर आणि पुढे दुष्ट जादूगार म्हणून कुख्यात झालेला ग्रिन्डेलवाल्ड यांची मैत्री, जादूगारांनी सामान्य माणसांवर राज्य करावे हे त्यांचे स्वप्न, व्यापक हिताच्या नावाखाली सगळे माफ करणारे पत्र. डंबलडोर तेव्हा लहान होता, अशी सारवासारव हॅरीची मैत्रीण हर्मायनी करते. हॅरी उसळून म्हणतो की तो तेव्हा आत्ताच्या आपल्याच वयाचा होता. या एका उत्तरात किशोरवयाचा सगळा कणखरपणा आहे. आपले वय ही सबब होऊ शकत नाही, हे वाचणाऱ्या मुलालाही उमगते. मग डंबलडोरचा भाऊ अॅबरफोर्थ याच्याकडून उरलेली हकिगत कळते. दोघे भाऊ आणि ग्रिन्डेलवाल्ड या तिघांच्या भांडणात बहीण मेली आणि तिला लागलेला मंत्र कोणाचा होता हे कोणालाच कधी कळले नाही. आता पहिले पुस्तक पुन्हा उघडून बघावे. मनातली सर्वांत खोल इच्छा दाखवणाऱ्या आरशात तुम्हाला काय दिसते, असे अकरा वर्षांचा हॅरी विचारतो, तेव्हा डंबलडोर लोकरीच्या मोज्यांचा जोड दिसतो असे सांगतो. पहिल्या वाचनात हा आजोबांचा विनोद वाटतो. सातव्यानंतर त्या मोज्यांमागे आई, बाप आणि मेलेली बहीण दिसायला लागते, आणि म्हातारा मुलाशी खोटे बोलला हेही कळते. छापलेला एक शब्दही बदललेला नाही, पण वाचलेले पान बदलले आहे. ही किमया फक्त मालिकेचे शेवटचे पुस्तकच करू शकते, कारण त्याआधी त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षे राहावे लागते.

स्नेपचे प्रकरण याच्या उलट दिशेने जाते आणि म्हणूनच त्यावर जास्त भांडणे होतात. छळवादी मास्तर अखेर मुलाचा गुप्त रक्षक निघतो. त्याच्या आठवणी पाहिल्यावर हॅरीचे मत पालटते, आणि उपसंहारात तो आपल्या मुलाला डंबलडोर आणि स्नेप या दोघांचीही नावे देतो. यावर आक्षेप असा की, हे शुद्ध पांढरपेशे क्षमापत्र आहे. एका मुलीवरचे प्रेम सिद्ध झाले म्हणून वर्षानुवर्षे वर्गातल्या पोरांना छळल्याचे पाप धुतले जाते का? आक्षेप वजनदार आहे आणि उपसंहारापुरता मला मान्यही आहे. ते नाव ठेवणे फार सोयीचे झाले आहे. पण पुस्तकांचा विचार करताना हॅरीच्या निर्णयाइतकेच आधीच्या पानांनाही महत्त्व द्यावे लागते. तिसऱ्या पुस्तकात नेव्हिल नावाच्या मुलाला जगातली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणून स्नेप दिसतो, आणि ते पान सातव्या पुस्तकानंतरही जागचे हललेले नाही. स्नेप शूर होता हे खरे, आणि तेरा वर्षांच्या एका मुलाच्या भीतीचे तो रूप होता हेही खरे. दोन्ही पाने एकाच माणसाची आहेत, बेरीज-वजाबाकी करून हिशेब शून्यावर आणता येत नाही. मुलांना हे झेपते. झेपत नाही ते मोठ्यांना.

याचा दाखला दिल्लीतच आहे. उत्तर दिल्लीत रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढे सांगितले की तो टेकडीवरच्या महापालिकेच्या रुग्णालयापाशी सोडतो. मलकागंज, सब्जी मंडी, कमला नगर या भागांतल्या लोकांच्या तोंडी हे नाव रोज असते, पण ते एका मराठी सरदाराचे आहे हे फार थोड्यांना माहीत असते. दिल्लीच्या मराठी घरांतही. हा हिंदूराव कागलच्या घाटग्यांचा, दौलतराव शिंद्यांची राणी बायजाबाई हिचा भाऊ. गोडसे भटजी ज्या बायजाबाईच्या यज्ञाची वार्ता ऐकून वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि 1857 च्या वणव्यात सापडले, तीच ही बायजाबाई. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही तिनेच बांधला. आणि या भावंडांचा बाप म्हणजे सर्जेराव घाटगे. दौलतरावांच्या खर्चासाठी 1798 मध्ये याने पुण्यातल्या सावकार-मुत्सद्द्यांकडून मारझोड आणि छळ करून पैसा उकळला. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वात पुणेकरांनी सर्वांत जास्त शिव्याशाप ज्यांना दिले त्यांत त्याचे नाव वरचे. त्याच्या मुलाने दिल्लीच्या टेकडीवरचा विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा बंगला घेतला. फ्रेझरचा 1835 मध्ये खून झाला होता, आणि तो घडवून आणल्याबद्दल फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन यांना काश्मिरी दरवाजापाशी फाशी दिले गेले. 1857 च्या जून ते सप्टेंबरमध्ये, हिंदूराव हयात नसताना, हाच बंगला इंग्रजांचा मोर्चा बनला. मेजर रीडच्या गुरख्यांनी तो लढवला आणि बंडवाल्यांचे हल्ले त्यावर आदळत राहिले.

आता या नावाचे काय करायचे? अभिमान बाळगायचा तर बाप पुण्याचा लुटारू, आणि स्वतः हिंदूराव इंग्रज अंमलदारांच्या संगतीत रमलेला. लाज बाळगायची तर त्या नावाच्या दवाखान्यात रोज हजारो गोरगरीब उपचार घेतात. मराठी इतिहासलेखनाने हा पेच न सोडवता बाजूला ठेवला. अटकेपार झेंड्यांच्या कथेत हिंदूराव बसत नाही, खलनायकांच्या यादीत बसण्याइतका तो मोठा नाही, म्हणून त्याला विसरून जाणे सोपे पडले. त्याच टेकडीवर थोडे पुढे, 1857 मध्ये पडलेल्या इंग्रज फौजेसाठी 1863 साली उभारलेला लाल दगडाचा मनोरा आहे. त्यावरच्या लेखांत बंडवाल्यांचा उल्लेख शत्रू म्हणून केला आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, 1972 साली, त्या मनोऱ्याला अजितगढ असे नाव मिळाले आणि एक नवी पाटी बसली. या लेखांतले शत्रू म्हणजे परकीय सत्तेविरुद्ध लढलेले देशाचे वीर, असा खुलासा तिच्यावर आहे. जुने लेख कोणी छिन्नीने खरवडले नाहीत. दोन्ही मजकूर आज शेजारी-शेजारी वाचता येतात. सरकारी कामात इतके शहाणपण क्वचितच दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो. सातवे पुस्तक पहिल्या सहांचे नेमके हेच करते: जुने लिखाण तसेच ठेवते आणि त्याच्या शेजारी दुसरी पाटी लावते.

महाराष्ट्रात आपण पाटी लावण्याऐवजी छिन्नी उचलतो, हे 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात दिसले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरावर संतापण्याजोगे होते, त्याचा वैचारिक समाचार घ्यायला विद्वान समर्थ होते आणि ते घेतही होते. पण जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर चाल करून पोथ्या-पुस्तकांची नासधूस केली. लग्नाच्या मांडवात मुरिएल आत्याचे बोलणे ऐकून हॅरीही संतापतो. फरक एवढाच की तो पुढे डंबलडोरच्या गावी जाऊन थडगी बघतो, चरित्र वाचतो, हयात असलेल्या भावाला गाठून विचारतो, आणि मग ठरवतो. रागापासून निर्णयापर्यंतची ही वाट चालायला पुस्तकाची तीनचारशे पाने लागतात. ती लांबी, तो तंबूतला कंटाळा, ती चिडचिड हे सगळे वाचणाऱ्यालाही सोसावे लागते, आणि सारांश वाचून ते मिळत नाही. चित्रपटकर्त्यांनी सातव्या पुस्तकाचे दोन चित्रपट केले, 2010 आणि 2011 मध्ये, तरी डंबलडोरच्या तरुणपणाची हकिगत त्यांनी जवळजवळ गाळून टाकली. साडेचार तास हाती असताना युद्धाला जागा झाली आणि मृताच्या हिशेबाला झाली नाही.

'यासाठी परदेशी जादूगार कशाला, आपल्याकडे काय कमी आहे?' असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मध्ये भीष्माच्या त्यागाची जी निर्दय तपासणी आहे तिच्यासमोर रीटा स्कीटर पोरकट वाटेल. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची कथा अनेकांच्या तोंडून सांगितली, तीही जुन्या कथेला शेजारून नवी पाटी लावणेच होते. पण 'युगान्त' हे एका प्रौढ विदुषीचे निष्कर्ष आहेत, आणि ते कळायला आधी महाभारत पचवलेले असावे लागते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाच्या हाती मराठीत काय असते? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे झकास आहे, पण तो कधी मोठा होत नाही, आणि त्याला शाबासकी देणाऱ्या मोठ्यांविषयी वाचकाचे मत बदलावे असे काही घडत नाही. तो त्या पुस्तकांचा हेतूच नव्हता, म्हणून हा दोष नव्हे. ह. ना. आपट्यांपासून नाथमाधवांपर्यंत आणि पुढे रणजित देसाईंपर्यंत ऐतिहासिक कादंबरीने आपल्याला माणसे दिली ती बहुधा घडून पूर्ण झालेली. वाचकाबरोबर वाढत जाणारी, आणि शेवटच्या भागात आधीचे सगळे तपासायला लावणारी किशोरांची मालिका मराठीत झालेली नाही. ती होईपर्यंत परक्या घरचे घ्यायला लाजू नये. पहिल्या भागापासूनचा मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आणलाच आहे. दिल्लीतली मराठी मुले ही पुस्तके इंग्रजीत वाचतील, काही हिंदीत वाचतील. माझी त्याला हरकत नाही.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. थोरांचे पाय मातीचे दाखवत गेलो तर मुले 'सगळे सारखेच' म्हणून मोकळी होणार नाहीत का? आजच्या समाजमाध्यमांत ही बेफिकिरी भरपूर आहे आणि तिला शहाणपण समजण्याची चूकही भरपूर होते. पण सातवे पुस्तक त्या वाटेने जात नाही. मालिकेचा खलनायक व्होल्डेमॉर्ट याचे अनाथाश्रमातले बालपण सहाव्या पुस्तकात सहानुभूतीने दाखवले आहे, आणि अखेरच्या द्वंद्वाआधी हॅरी त्याला पश्चात्तापाची संधीही देतो. तो ती नाकारतो आणि मरतो. कारण समजणे आणि माफ करणे वेगळे, ही रेघ लेखिकेने ढळू दिलेली नाही. डंबलडोर वाचकाच्या मनात टिकतो तो निर्दोष म्हणून नव्हे. आपण सत्तेच्या योग्य नाही हे त्याला तरुणपणीच कळले आणि त्याने मंत्रिपद पुन्हा पुन्हा नाकारले म्हणून. आपल्या चुकीची किंमत ओळखून जगलेला माणूस आणि चूक मानायलाच तयार नसलेला माणूस यांत फरक करता येणे, हे 'सगळे सारखेच'वरचे एकमेव औषध आहे.

पुस्तक निर्दोष आहे असे कोणी समजू नये. शेवटची लढत एका कांडीच्या मालकी हक्कावर निकालात निघते, आणि तो युक्तिवाद दिवाणी दाव्यासारखा किचकट आहे. जादूगारांच्या घरी राबणाऱ्या घरगड्यांच्या गुलामगिरीचा प्रश्न हर्मायनीने चौथ्या पुस्तकात उठवला. सातव्यात क्रीचर या म्हाताऱ्या गुलामाची हकिगत पुस्तकातल्या सर्वोत्तम प्रकरणांपैकी एका प्रकरणात येते. आणि युद्ध संपल्यावर, उपसंहाराआधी, हॅरीच्या मनात येते ते काय, तर क्रीचर आपल्याला सँडविच आणून देईल का! लेखिकेचे लक्ष नव्हते की हॅरीचे, हे ठरवणे अवघड आहे. खुद्द लेखिका जे. के. रोलिंगबाईंनी 2020 पासून ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या प्रश्नावर घेतलेल्या भूमिकेमुळे त्यांचे कित्येक जुने वाचक दुखावले आणि चित्रपटांतल्या मुख्य नटांनीही जाहीरपणे वेगळे मत मांडले. आवडत्या लेखिकेचे काय करायचे, हा प्रश्न त्या वाचकांना पडला तेव्हा त्याची तयारी याच पुस्तकाने करून घेतली होती, हा योगायोग बाईंना रुचला नसेल.

राहता राहिले मरण. तेरा वर्षांच्या मुलाने इतकी मरणे वाचावीत का, असे विचारणाऱ्या पालकांनी चोविसावे प्रकरण उघडावे. हॅरीला जीव लावणारा डॉबी हा घरगडी मेला आहे. हॅरी हातात फावडे घेऊन समुद्रकाठच्या कडक जमिनीत खड्डा खणतो. जादूने ते क्षणात झाले असते, पण ते त्याला नको आहे. घाम येतो, तळहातांना फोड येतात, उजाडत येते, मित्र येऊन न बोलता खणू लागतात. मग मोजे, बूट, टोपी घालून त्या लहानग्या देहाला मूठमाती दिली जाते. आपण घरात कोणी गेले की मुलांना शेजाऱ्यांकडे पाठवतो आणि परत आल्यावर काही बोलत नाही. शोक हाताने करायचा असतो हे त्यांना कुठून तरी कळायला हवे. या प्रकरणातून कळले तर वाईट नाही.

दिल्लीतल्या मराठी मंडळांना आणि शाळांना एक सुचवतो. शिवजयंतीला, गणेशोत्सवाला मुले जमतातच. एखाद्या थंडीतल्या रविवारी त्यांना पुल बंगश मेट्रो स्थानकावर उतरवून टेकडीवर न्यावे. स्फोटात तुटलेला आणि 1867 मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला अशोकस्तंभ रुग्णालयासमोरच आहे, तो दाखवावा. अजितगढावरच्या दोन्ही काळांतल्या पाट्या मुलांकडूनच वाचून घ्याव्यात. हिंदूराव कोण होता ते सांगावे, बायजाबाई कोण होती ते सांगावे, आणि सर्जेरावाने पुण्यात काय केले तेही, काही न वगळता, सांगावे. मुले आठवी-नववीची असतील तर येताना सातवे पुस्तक वाचून या म्हणावे.